डेबियनवरून स्वतःच्या नावाची लाइव्ह प्रणाली: बांधणी, नामांतर आणि चाचणी

पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी, मराठी टंकनासाठी तयार असलेली आणि आपल्या संस्थेचे नाव धारण करणारी लिनक्स प्रणाली तयार करणे हे आज एखाद्या शिक्षकाच्या किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गटाच्या आवाक्यातले काम आहे. सदाशिव पेठेतील एखादे वाचनालय असो वा हडपसरची शाळा, तिथल्या संगणकांच्या हार्ड डिस्कला हात न लावता सगळीकडे एकसारखा डेस्कटॉप मिळावा आणि संगणक बंद केल्यावर मागे काही उरू नये, ही गरज लाइव्ह प्रणाली नेमकी भागवते. वीज अचानक गेली तरी मूळ प्रणाली बिघडत नाही, कारण ती केवळ वाचता येणाऱ्या, दाबून लहान केलेल्या (कॉम्प्रेस्ड) फाइलीत असते आणि वापरकर्त्याचे सारे बदल मेमरीत, तिच्यावर पसरलेल्या वेगळ्या थरात लिहिले जातात.

या कामाचे दोन भाग पडतात. पहिला बांधणीचा, तो एका साधनाने आणि थोड्या धीराने पार पडतो. दुसरा नामांतराचा, आणि बहुतेकांची गाडी तिथे अडते, कारण नामांतर म्हणजे वॉलपेपर आणि लोगो बदलणे एवढेच समजले जाते. प्रत्यक्षात प्रणालीचे नाव अनेक ठिकाणी नोंदलेले असते. त्यांपैकी काही ठिकाणी ते बदललेच पाहिजे आणि काही ठिकाणी ते बदलले तर प्रणाली सुरूच होत नाही. हा फरक समजून घेणे हाच या मार्गदर्शिकेचा गाभा आहे. उदाहरणासाठी आपल्या प्रणालीचे नाव ‘मुठा’ असे धरले आहे. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावीत. आज्ञा आणि फाइलींची नावे बहुधा लहान अक्षरांत असतात. प्रणालीची ओळख सांगणाऱ्या ओएस-रिलीज फाइलीतील नोंदींची आणि ‘ग्रब-डिस्ट्रिब्युटर’ या नोंदीची नावे मोठ्या अक्षरांत असतात आणि त्यांत जोडरेषेच्या जागी अधोरेखा असते. ‘ईएफआय’ हे फोल्डरही मोठ्या अक्षरांत लिहितात.

पाया कोणता घ्यावा

फेडोरा, आर्च, ओपनसुसे अशा सर्व लिनक्स प्रणालींकडे लाइव्ह आयएसओ (पेन ड्राइव्हवर लिहायची संपूर्ण प्रणालीची एक फाइल) बांधण्याची स्वतःची साधने आहेत. तरीही नव्याने सुरुवात करणाऱ्याने डेबियन आणि त्याचे ‘लाइव्ह-बिल्ड’ हे साधन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सी-डॅकने २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे ही वाट आपल्याकडे नवी नाही. उबुंटूवर आधारलेली प्रणाली स्वतःच्या नावाने वाटायची असेल, तर उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या धोरणानुसार त्यांची नाममुद्रा (ट्रेडमार्क) काढावी लागते आणि मूळ सोर्सवरून पॅकेजे पुन्हा कंपाइल करावी लागतात. छोट्या गटाला ते झेपणारे नाही. डेबियनच्या तयार पॅकेजांवर अशी अट नाही. त्याची नाममुद्रा ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या संस्थेकडे आहे. आपली प्रणाली डेबियनवर आधारित आहे असे खरेपणाने सांगता येते; मात्र ती डेबियनची अधिकृत प्रणाली आहे किंवा डेबियनने तिला मान्यता दिली आहे असा भास होऊ देऊ नये.

आवृत्ती निवडताना संगणकांचे वय पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये, म्हणजे ट्रिक्सीमध्ये, ३२ बिटच्या संगणकांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दिलेला नाही. कक्षात तसे जुने संगणक असतील, तर डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, हाच पर्याय उरतो आणि त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंतच आहे. बाकी सर्वांनी ट्रिक्सी घ्यावी.

बांधणीची जागा

बांधणी डेबियनवरच करावी, आणि शक्यतो ज्या आवृत्तीची प्रणाली बांधायची तीच आवृत्ती बांधणीच्या संगणकावर असावी. उबुंटूच्या रिपॉझिटरीतील (पॅकेजांच्या भांडारातील) लाइव्ह-बिल्ड फार पूर्वीच वेगळ्या वाटेने गेले असून तिथे डेबियनच्या सूचना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. रोजच्या वापरात उबुंटू किंवा विंडोज असेल, तर आभासी यंत्रात डेबियन घालून त्यात काम करावे. डिस्कवर किमान वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी ठेवावी आणि ती एक्स्ट-४ सारख्या लिनक्स फाइल-सिस्टमवर असावी. विंडोजसाठी फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, किंवा ‘नोडेव्ह’ अथवा ‘नोएक्झेक’ लावून माउंट केलेल्या जागेत बांधणी पहिल्याच टप्प्यावर कोसळते, कारण पायाची प्रणाली उतरवणाऱ्या डिबूटस्ट्रॅपला तिथे डिव्हाइस फाइली तयार करता येत नाहीत किंवा नव्या प्रणालीतले प्रोग्रॅम चालवता येत नाहीत.

‘सुडो एपीटी इन्स्टॉल लाइव्ह-बिल्ड’ ही आज्ञा दिली की साधन हाती येते. त्यानंतर ‘मुठा’ नावाचे रिकामे फोल्डर करून त्यात जावे आणि पुढचे सर्व काम तिथूनच करावे.

तयार आयएसओ उघडून, आत शिरून, हाताने बदल करून ती पुन्हा बांधण्याचीही एक पद्धत आहे आणि त्यासाठी माउसने चालवायची ग्राफिकल साधनेही मिळतात. पहिल्या दिवशी ती सोयीची वाटते. परंतु सहा महिन्यांनी सुरक्षा-सुधारणांसह तीच आयएसओ पुन्हा बांधायची वेळ आली की आधी काय काय बदलले होते ते कोणालाच नेमके सांगता येत नाही. शिवाय मूळ संगणकाचा मशीन-आयडी आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) खासगी किल्ल्या चुकून आयएसओत राहिल्या, तर प्रत्येक पेन ड्राइव्हवर त्याच किल्ल्या जातात. लाइव्ह-बिल्ड या गोष्टी स्वतःहून काढून टाकते. म्हणून प्रत्येक बदल मजकुराच्या फाइलीत लिहिलेला असावा आणि आयएसओ केव्हाही त्या फाइलींवरून नव्याने उभी राहावी, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

मांडणी

लाइव्ह-बिल्डच्या तीन आज्ञा रोज लागतात: ‘एलबी कॉन्फिग’ मांडणी तयार करते, ‘एलबी बिल्ड’ आयएसओ बांधते आणि ‘एलबी क्लीन’ मागचा पसारा आवरते. पहिली आज्ञा दरवेळी हाताने टंकू नये. ‘ऑटो’ नावाचे फोल्डर करून त्यात ‘कॉन्फिग’ नावाची स्क्रिप्ट ठेवावी आणि सर्व पर्याय तिच्यात लिहावेत. मग नुसते ‘एलबी कॉन्फिग’ म्हटले की तीच स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्टमधील आज्ञेची सुरुवात ‘एलबी कॉन्फिग नोऑटो’ अशी करावी, नाहीतर स्क्रिप्ट स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहते.

तिच्यात निदान पुढचे पर्याय असावेत. ‘--डिस्ट्रिब्युशन ट्रिक्सी’ हा पर्याय नेहमी स्वतः लिहावा, साधनाच्या मर्जीवर सोडू नये. ‘--आर्काइव्ह-एरियाज’ मध्ये मेन आणि नॉन-फ्री-फर्मवेअर हे दोन्ही विभाग द्यावेत. दुसरा विभाग नसेल तर बऱ्याच लॅपटॉपांचे वाय-फाय चालत नाही. ‘--आयएसओ-व्हॉल्यूम’ मध्ये पेन ड्राइव्ह लावल्यावर दिसणारे लेबल येते आणि ते ३२ अक्षरांच्या आत बसवावे लागते. ‘--आयएसओ-पब्लिशर’ मध्ये आपल्या संस्थेचे नाव द्यावे. ‘--बूटअपेंड-लाइव्ह’ या पर्यायात कर्नलला द्यायच्या सूचना एका अवतरणात लिहायच्या: बूट=लाइव्ह, कॉम्पोनंट्स, क्वाएट, स्प्लॅश, होस्टनेम=मुठा, युजरनेम=विद्यार्थी आणि टाइमझोन=एशिया/कोलकाता. होस्टनेम आणि युजरनेम न दिल्यास यंत्राचे नाव ‘डेबियन’ आणि वापरकर्त्याचे नाव ‘युजर’ असे दिसते. म्हणजेच नामांतराची पहिली पायरी या एका ओळीत आहे.

लाइव्ह वापरकर्त्याचा पासवर्ड मुळात ‘लाइव्ह’ असा असतो आणि तो जगजाहीर आहे. त्यामुळे या आयएसओत एसएसएच सर्व्हर घालू नये. शाळेच्या वाय-फायचा पासवर्डही आत लिहून ठेवू नये. ज्याच्या हातात पेन ड्राइव्ह जाईल त्याला तो वाचता येतो.

पॅकेजांची यादी ‘कॉन्फिग/पॅकेज-लिस्ट्स’ या फोल्डरात, ‘.लिस्ट.सीएचरूट’ असे शेपूट असलेल्या फाइलीत, दर ओळीला एक नाव याप्रमाणे लिहावी. जुन्या संगणकांसाठी एक्सएफसीई डेस्कटॉप पुरेसा हलका आहे: ‘टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप’. यादी लिहिताना हात आखडता घ्यावा. दबलेली मुख्य फाइल ४ जीबीच्या पुढे गेली तर फॅट-३२ पेन ड्राइव्हवर ती बसत नाही, आणि मुले ज्याला हात लावणार नाहीत असा प्रत्येक प्रोग्रॅम बांधणीचा आणि डाउनलोडचा वेळ वाढवतो.

दाबण्याची पद्धतही आपणच ठरवू शकतो. एक्सझेडने आयएसओ लहान होते, पण जुन्या प्रोसेसरला ती उलगडायला वेळ लागतो आणि प्रत्येक प्रोग्रॅम उघडताना तो जाणवतो. पेन ड्राइव्हवर जागा असेल तर झेडएसटीडी निवडावी.

मराठी

हा भाग नंतर बघू म्हणून पुढे ढकलू नये. पुष्कळदा स्वतःची प्रणाली बांधण्याचे मूळ कारणच हे असते. यादीत आयबस (टंकनपद्धती निवडण्याची सोय), आयबस-एम१७एन, लिबरऑफिस-एल१०एन-एमआर आणि फायरफॉक्स-ईएसआर-एल१०एन-एमआर घालावेत. एम१७एनमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट-२, फोनेटिक, आयट्रान्स, रेमिंग्टन आणि गमभन अशा टंकनपद्धती येतात. शाळेतल्या मुलांना इनस्क्रिप्टची सवय लावणे चांगले, तर वाचनालयात येणाऱ्या ज्येष्ठांपैकी ज्यांचा हात टाइपरायटरवर बसलेला आहे त्यांना रेमिंग्टन लागते. म्हणून दोन्ही ठेवावेत. या पद्धती वापरकर्त्याने शोधून चालू कराव्या लागू नयेत यासाठी जीसेटिंग्जची (डेस्कटॉपच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या व्यवस्थेची) एक ओव्हरराइड फाइल स्कीमा फोल्डरात ठेवावी, तिच्यात आयबसच्या ‘प्रीलोड-इंजिन्स’ या नोंदीत इंग्रजीसह हव्या त्या मराठी पद्धती लिहाव्यात आणि हुकमध्ये (बांधणीत चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये; ती पुढे समजावली आहे) ‘जीलिब-कंपाइल-स्कीमाज’ ही आज्ञा द्यावी.

फाँटची निवड डोळ्यांनी तपासूनच करावी. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांमधला अर्धा ऱ पापणीसारखा जोडला गेला पाहिजे. लोहित देवनागरीची मराठीसाठीची वेगळी आवृत्ती डेबियनमध्ये ‘फाँट्स-लोहित-देवा-मराठी’ या नावाने मिळते आणि तिच्यात ही वळणे आहेत. नोटो वापरायचा असेल तर प्रणालीची किंवा मजकुराची भाषा मराठी असल्याशिवाय मराठी वळणे उमटत नाहीत, कारण एकाच फाँटमधले पर्यायी आकार भाषेनुसार निवडले जातात. वळणांचा हा फरक लहान दिसतो, पण पहिलीच्या मुलाने पुस्तकात गिरवलेला ‘श’ आणि पडद्यावरचा ‘श’ वेगळा असू नये, याची काळजी आपण घ्यायला हवी.

मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) बूट होताना तयार करायला सांगितले तर प्रत्येक वेळी तेवढे सेकंद वाया जातात. ते बांधणीतच तयार करून ठेवावे: ‘लोकेल.जेन’ फाइलीत मराठीची ओळ खुली करून ‘लोकेल-जेन’ चालवणारा हुक लिहावा. हुक म्हणजे बांधल्या जाणाऱ्या प्रणालीच्या आत चालणारी छोटी स्क्रिप्ट. ती ‘कॉन्फिग/हुक्स/नॉर्मल’ मध्ये ठेवायची आणि तिच्या नावाची सुरुवात क्रमांकाने करायची, कारण हुक त्या क्रमाने चालतात. प्रत्येक हुकच्या वर ‘सेट -ई’ लिहावे, म्हणजे आतली एखादी आज्ञा फसली तर बांधणी तिथेच थांबते आणि अर्धवट आयएसओ हाती पडत नाही.

नाव कुठे बदलावे

नाव ठरवताना आधी शोध घ्यावा. नाममुद्रांच्या सरकारी नोंदवहीत सॉफ्टवेअर नवव्या वर्गात मोडते आणि ती नोंदवही कोणालाही पाहता येते. नाममुद्रेचा प्रश्न किती खरा असतो हे डेबियननेच अनुभवले आहे: मोझिलाच्या नाममुद्रेच्या अटींवरून २००६ मध्ये त्यांना फायरफॉक्सचे नाव बदलून ‘आइसवीझल’ ठेवावे लागले आणि मूळ नाव परत यायला २०१६ साल उजाडले. यातला धडा आपल्याही कामाचा आहे. फायरफॉक्सचे मुखपृष्ठ आणि बुकमार्क बदलायचे असतील तर त्याच्या पॉलिसी फाइलीतून बदलावेत. प्रोग्रॅमच्या आत फेरफार करून तो फायरफॉक्स याच नावाने वाटू नये.

प्रणालीची ओळख ज्या फाइलीत असते ती ‘यूएसआर/लिब’ मधील ‘ओएस-रिलीज’. ‘इटीसी’ मधील त्याच नावाची फाइल ही तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक असते. या फाइलीतल्या नोंदी एकेक करून पाहू.

‘नेम’ आणि ‘प्रिटी-नेम’ या नोंदी माणसांसाठी असतात, त्या बदलाव्यात. नाव देवनागरीत लिहिण्याचा मोह होतो, पण हेच नाव साध्या कन्सोलवर आणि प्रणाली सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमच्या मेनूतही उमटते आणि तिथे देवनागरी नीट जुळत नाही. म्हणून इथे रोमन लिपीच ठेवावी. ‘आयडी’ ही नोंद प्रोग्रॅमांसाठी असते; ती रोमन लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावी, आणि तिच्यासोबत ‘आयडी-लाइक=डेबियन’ ही ओळ न विसरता घालावी. ती नसेल तर बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टांना ही प्रणाली अनोळखी वाटते आणि त्या थांबतात. ‘व्हर्जन-आयडी’ आणि ‘व्हर्जन-कोडनेम’ मात्र १३ आणि ट्रिक्सी असेच राहू द्यावेत, कारण रिपॉझिटरीचा पत्ता तयार करणाऱ्या अनेक स्क्रिप्टा कोडनेम इथूनच उचलतात. आपली स्वतःची आवृत्ती नोंदवायला ‘बिल्ड-आयडी’ ही नोंद आहे. तिच्यात बांधणीची तारीख लिहावी. ‘होम-यूआरएल’ आणि ‘बग-रिपोर्ट-यूआरएल’ आपल्याकडे वळवणे हा शिष्टाचाराचा भाग आहे: आपल्या हुकमुळे बिघडलेल्या गोष्टीची तक्रार डेबियनच्या स्वयंसेवकांच्या दारी जाता कामा नये. याच कारणासाठी ‘इटीसी/डीपीकेजी/ओरिजिन्स’ मध्ये आपल्या नावाची फाइल ठेवावी, तिच्यात ‘पेरेंट’ म्हणून डेबियन लिहावे आणि ‘डिफॉल्ट’ ही लिंक तिच्याकडे वळवावी.

आता खरी मेख. ही फाइल ‘बेस-फाइल्स’ या पॅकेजच्या मालकीची आहे. आपण ‘कॉन्फिग/इन्क्लूड्स.सीएचरूट’ या फोल्डरातून तिच्यावर आपली फाइल नुसती कॉपी केली, तर आयएसओत सगळे छान दिसते. पण बेस-फाइल्सची सुधारित आवृत्ती आली आणि कोणी ‘एपीटी अपग्रेड’ केले की आपले नाव मुकाट्याने पुसले जाऊन पुन्हा डेबियन येते. यावरचा नीट उपाय म्हणजे ‘डीपीकेजी-डायव्हर्ट’. ‘मुठा-ब्रँडिंग’ नावाचे छोटे पॅकेज करावे आणि त्याच्या ‘प्रीइन्स्ट’ स्क्रिप्टमध्ये मूळ फाइल ‘ओएस-रिलीज.डेबियन’ या नावाने बाजूला वळवावी. त्यानंतर बेस-फाइल्सची प्रत्येक नवी आवृत्ती आपली फाइल त्या वळवलेल्या नावाने लिहिते आणि मूळ जागी आपल्या पॅकेजची फाइल सुरक्षित राहते. पॅकेज काढताना ‘पोस्टआरएम’ स्क्रिप्टने वळण मोडून पूर्वस्थिती आणावी.

हे पॅकेज ‘कॉन्फिग/पॅकेजेस.सीएचरूट’ मध्ये टाकले की बांधणीत आपोआप बसते. मात्र फाइलीचे नाव पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि आर्किटेक्चर या क्रमाने, मध्ये अधोरेखा देऊन लिहिलेले असले पाहिजे. ‘डीपीकेजी-नेम’ ही आज्ञा ते नाव बरोबर करून देते. वॉलपेपर, लोगो आणि बूट होताना दिसणाऱ्या चित्राची प्लायमाउथ थीमही याच पॅकेजात ठेवावी, म्हणजे आपल्या नावाशी संबंधित सारे एका जागी राहते.

वॉलपेपरबाबत एक्सएफसीईची एक अडचण माहीत असावी. तिथे वॉलपेपरची नोंद मॉनिटरच्या नावाने होते, त्यामुळे एका संगणकावर जुळवलेली सेटिंग ‘इटीसी/स्केल’ मध्ये ठेवली तरी दुसऱ्या पोर्टला जोडलेल्या मॉनिटरवर डेबियनचेच चित्र दिसते. त्याऐवजी ‘अपडेट-आल्टर्नेटिव्ह्ज’ वापरून ‘डेस्कटॉप-बॅकग्राउंड’ या नावाखाली आपले चित्र अधिक प्राधान्याच्या अंकाने नोंदवावे. मग मूळ चित्राची लिंकच आपल्या चित्राकडे वळते आणि मॉनिटर कोणताही असला तरी तेच उमटते. लॉगिनच्या पडद्यासाठी लाइटडीएमच्या ग्रीटर फाइलीत चित्राचा मार्ग द्यावा. बूट होतानाच्या चित्रासाठी हुकमध्ये ‘प्लायमाउथ-सेट-डिफॉल्ट-थीम’ चालवून इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी प्रणाली) नव्याने बांधावे, कारण ते चित्र तिथूनच वाचले जाते. इन्स्टॉलर म्हणून कॅलामारेस दिला असेल, तर त्याच्या ‘ब्रँडिंग.डेस्क’ फाइलीतील नाव आणि चित्रेही बदलावीत.

नाव कुठे बदलू नये

इथून पुढचा भाग सावकाश वाचावा.

संगणकात सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर शिम आणि ग्रब या प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या सही केलेल्या फाइली लागतात, आणि डेबियनच्या सही केलेल्या ग्रबच्या आत आपली मांडणी ‘ईएफआय/डेबियन’ या फोल्डरात शोधायची असे कोरलेले असते. नामांतराच्या उत्साहात त्या फोल्डराचे नाव बदलले, तर ग्रबला मेनू सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसता त्याचा प्रॉम्प्ट उभा राहतो. फाइलीच्या आतले नाव बदलावे तर सही मोडते आणि संगणक ती फाइल नाकारतो. हे फोल्डर वापरकर्त्याला कधी दिसत नाही. ते तसेच राहू द्यावे.

हाच सापळा इन्स्टॉल केलेल्या प्रणालीत वेगळ्या रूपाने येतो. ‘इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मधील ‘ग्रब-डिस्ट्रिब्युटर’ हे मूल्य प्रणालीच्या नावावरून ठरते आणि त्यावरूनच ईएफआय विभाजनातल्या फोल्डराचे नाव पडते. म्हणजे ओएस-रिलीज बदलल्यावर इन्स्टॉलनंतर फोल्डर ‘मुठा’ या नावाने तयार होते आणि सही केलेले ग्रब मात्र ‘डेबियन’ शोधत राहते. म्हणून तिथे ‘डेबियन’ हे मूल्य सरळ लिहून टाकावे, आणि कॅलामारेसच्या बूटलोडरच्या मांडणीतही ईएफआयसाठीचे नाव डेबियन असेच ठेवावे.

‘इटीसी/डेबियन_व्हर्जन’, ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’ आणि एपीटीच्या सोर्स फाइलींमधले पत्ते यांनाही हात लावू नये. सुरक्षा-सुधारणा तिथूनच येणार आहेत. आणि ‘यूएसआर/शेअर/डॉक’ मधील कॉपीराइटच्या फाइली तर कायद्यानेच अबाधित ठेवायच्या आहेत. सगळीकडचा ‘डेबियन’ हा शब्द शोधून एका फटक्यात बदलणारी स्क्रिप्ट लिहिण्याचा विचार मनात आला, तर तो तिथेच सोडून द्यावा. शोध जरूर घ्यावा, पण सापडलेल्या प्रत्येक जागेविषयी हे नाव माणूस वाचणार आहे की यंत्र, असे विचारून मगच निर्णय घ्यावा.

बूट मेनू

जुन्या बायोससाठी आयसोलिनक्स आणि युईएफआयसाठी (बायोसची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेसाठी) ग्रब, असे दोन मेनू आयएसओत असतात आणि दोन्ही बदलावे लागतात. ‘यूएसआर/शेअर/लाइव्ह/बिल्ड/बूटलोडर्स’ मधील फोल्डरे ‘कॉन्फिग/बूटलोडर्स’ मध्ये कॉपी करून तिथे मजकूर आणि पार्श्वचित्र बदलावे. यातल्या कोणत्याही मेनूला देवनागरीची जोडाक्षरे आणि काना-मात्रा जुळवता येत नाहीत. वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून मराठी नाव आणि सूचना इंकस्केपमध्ये लिहून पार्श्वचित्राचाच भाग कराव्यात आणि निवडीच्या ओळी थोडक्यात रोमन लिपीत ठेवाव्यात.

मेनूत एक ओळ ‘टूरॅम’ या सूचनेची जरूर द्यावी. तिच्यामुळे संपूर्ण आयएसओ मेमरीत चढते आणि बूट झाल्यावर पेन ड्राइव्ह काढून पुढच्या संगणकाला लावता येतो. पेन ड्राइव्ह मोजके आणि संगणक जास्त अशा कक्षात हा मोठाच आधार आहे. फक्त मेमरी आयएसओच्या आकारापेक्षा बरीच जास्त हवी.

बांधणी आणि चाचणी

‘सुडो एलबी बिल्ड’ दिल्यावर साधन आधी डिबूटस्ट्रॅपने पायाची प्रणाली आणते, मग तिच्यात पॅकेजे आणि हुक चालवते आणि शेवटी सगळे दाबून आयएसओ करते. आउटपुट ‘टी’ आज्ञेने फाइलीतही उतरवून घ्यावे, कारण चुकीचे मूळ बहुधा शेवटच्या ओळीच्या कितीतरी वर दडलेले असते. ‘एलबी क्लीन’ केल्यावरही डाउनलोड केलेली पॅकेजे कॅशमध्ये राहतात आणि दुसरी बांधणी लवकर होते. केवळ बूट मेनू बदलला असेल तर ‘एलबी क्लीन --बायनरी’ पुरते आणि पुढची बांधणी शेवटच्या टप्प्यापासून सुरू होते.

तयार आयएसओ आधी क्यूईएमयू या आभासी यंत्रात चालवावी: एकदा साध्या बायोसने आणि एकदा ओव्हीएमएफ (आभासी यंत्रासाठीचे युईएफआय) लावून युईएफआयने. त्यानंतरच पेन ड्राइव्ह घ्यावा. पुण्यातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, घाऊक घेतले तरी एक आधी आणून पूर्ण क्षमतेची तपासणी करावी, कारण खोटी क्षमता दाखवणारे ड्राइव्ह बाजारात असतात आणि त्यांच्यावर प्रणाली अर्ध्यात अडकते. लिहिण्यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा पुरेशी आहे. फक्त ‘एलएसबीएलके’ ने ड्राइव्हचे नाव दोनदा पाहावे, नाहीतर स्वतःच्याच हार्ड डिस्कवर पाणी सोडावे लागेल. मग सिक्युअर बूट चालू असलेला एखादा नवा लॅपटॉप आणि कक्षातला सर्वांत जुना संगणक, अशा दोन टोकांवर ती चालवून पाहावी. जुन्या संगणकावर ब्राउझरमधून मोठी फाइल उतरवून बघावी: लाइव्ह प्रणालीत ती मेमरीत जाते, आणि २ जीबी मेमरीच्या संगणकावर जागा किती लवकर संपते ते तेव्हा कळते.

मुलांचे काम टिकवायचे असेल तर पेन ड्राइव्हच्या उरलेल्या जागेत एक्स्ट-४ विभाजन करून त्याला ‘पर्सिस्टन्स’ हे लेबल द्यावे, त्यात ‘पर्सिस्टन्स.कॉन्फ’ या फाइलीत केवळ ‘/होम’ ही एक ओळ लिहावी आणि बूटच्या सूचनांत ‘पर्सिस्टन्स’ हा शब्द घालावा. पूर्ण प्रणाली टिकवण्याची सोयही आहे, परंतु ती देऊ नये असे मला वाटते: लाइव्ह प्रणाली कर्नल नेहमी आयएसओतूनच उचलते, त्यामुळे अपग्रेडने आलेला नवा कर्नल कधी सुरूच होत नाही आणि जागा मात्र अडवतो.

वाटप

आयएसओ दुसऱ्याच्या हाती दिली की जीपीएलची (लिनक्समधील अनेक प्रोग्रॅमांच्या मुक्त परवान्याची) जबाबदारी आपल्यावर येते. पेन ड्राइव्हसोबत सोर्स द्यावा, किंवा तो किमान तीन वर्षे मागेल त्याला देण्याचे लेखी वचन द्यावे, असे जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत म्हटले आहे. डेबियनच्या सर्व्हरवर सोर्स आहेच, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. मांडणीत ‘--सोर्स ट्रू’ हा पर्याय दिला की लाइव्ह-बिल्ड त्याच पॅकेजांचा सोर्सही गोळा करते. प्रत्येक वाटलेल्या आवृत्तीबरोबर तो जपून ठेवावा. आयएसओच्या शेजारी एसएचए-२५६ ची बेरीज (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा चेकसम) आणि तिच्यावर जीपीजीची सही ठेवावी.

‘ऑटो’ आणि ‘कॉन्फिग’ ही दोन फोल्डरे आणि ब्रँडिंग पॅकेजचा सोर्स गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवावा, आणि वाटलेल्या प्रत्येक आयएसओच्या बिल्ड-आयडीसारखाच टॅग त्या नोंदीला द्यावा. डेबियनच्या सुधारित आवृत्त्या साधारण दर दोन-तीन महिन्यांनी येतात. त्या वेळी ‘एलबी क्लीन --पर्ज’ करून कॅशसह सगळे पुसावे, नव्याने बांधावे, वरच्या चाचण्या त्याच क्रमाने कराव्यात आणि जुने पेन ड्राइव्ह परत मागवून पुन्हा लिहून द्यावेत. लिहिण्यापूर्वी प्रत्येक ड्राइव्हवरील ‘पर्सिस्टन्स’ विभाजनातले मुलांचे काम उतरवून घ्यावे, कारण ‘डीडी’ विभाजनांचा तक्ताही पुसून टाकते.